जिवतीच्या डोंगरातली उसनवारी

२७ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्या विधानभवनात सीमाप्रश्नाचा ठराव एकमताने मंजूर झाला. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी या शहरांसह कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांसाठी शेवटपर्यंत लढण्याचा निर्धार दोन्ही सभागृहांनी केला. त्याच महिन्यात आपल्याच नागपूर विभागाच्या दक्षिण सीमेवरच्या चौदा गावांची बातमीही छापून आली, पण ती वेगळ्या सुरात. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातली ही गावं महाराष्ट्राच्या हिशेबाने महाराष्ट्रात आहेत आणि तेलंगणाच्या हिशेबाने तेलंगणात. एकेका गावात दोन सरपंच, घराघरांत दोन रेशनकार्डं, बोटाला दोनदा शाई. महाराजगुड्यात एका घराच्या मधूनच हद्द जाते म्हणून वाहिन्यांचे कॅमेरे तिथे पोचले. कुठल्या खोलीत महाराष्ट्र आणि कुठल्या खोलीत तेलंगण, हे देशाला दाखवून झालं. मग सगळे परतले.

मला ही गंमत कधीच वाटली नाही. दोन सरकारांचं मिळतं म्हणजे या लोकांची चंगळ आहे, असा समज त्या बातम्यांनी पसरवला. या डोंगरात माणसं कुठून आली, कशामुळे आली, त्यांना उभं राहायला जागा कोणी दिली आणि त्या जागेची किंमत कोणाला मोजावी लागली, हे पाहिलं की तो समज टिकत नाही. नागपुरातल्या माणसाने हा इतिहास जाणून घ्यायला हवा, कारण त्याची सुरुवातच नागपूरच्या एका पराभवातून होते.

१८०३ च्या नोव्हेंबरात अडगावच्या रणात आणि डिसेंबरात गाविलगडावर दुसऱ्या रघूजी भोसल्यांचं सैन्य इंग्रजांपुढे हरलं. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला, आणि तो इंग्रजांनी आपल्या मित्राला, हैदराबादच्या निजामाला देऊन टाकला. वर्धा नदी ही सरहद्द झाली. अलीकडे भोसल्यांचं चांदा, पलीकडे निजामाचा राजुरा आणि त्यामागे माणिकगडाचे डोंगर. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्यही खालसा झालं. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा कोपरा मात्र निजामाकडेच राहिला. चांद्याचा माणूस इंग्रजी अमलात आणि नदी ओलांडली की त्याचा सोयरा निजामाच्या अमलात, असं शंभर वर्षं चाललं.

डोंगरातल्या गोंड आणि कोलामांना या सरहद्दीचं काही पडलेलं नव्हतं. त्यांची देवस्थानं, सोयरिकी आणि बाजार दोन्ही बाजूंना होते. तेलंगणातल्या केरामेरीजवळच्या डोंगरात, याच महाराजगुड्याच्या परिसरातल्या जंगलात, जंगुबाईची गुहा आहे. पौष महिन्यात गोंड, परधान आणि कोलाम तिथे चंद्रपूर, यवतमाळकडून जातात तसे आदिलाबादकडूनही जातात. आज ज्या गावावर दोन राज्यांचा दावा आहे, तिथेच दोन्ही राज्यांतल्या आदिवासींची आई बसली आहे. तिच्या दारात कोणी कार्ड मागत नाही.

या डोंगरात जमिनीचा पहिला मोठा झगडा झाला तो निजामाच्या जंगलखात्याशी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या आणि पिढ्यान् पिढ्या कसलेली शेतं एका रात्रीत गुन्ह्याची जागा ठरली. वस्त्या उठवल्या गेल्या. कोलाम कुदळीने उतारावरची जमीन कसत, त्यांना सर्वांत जास्त मार बसला. आसिफाबाद भागातला तरुण गोंड कुमरम भीम याच छळातून उभा राहिला. जमिनीच्या भांडणात त्याच्या हातून एक माणूस मारला गेला आणि तो पळाला, तो वर्धा ओलांडून चांद्याला. तिथे विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याने त्याला आसरा दिला, लिहावाचायला शिकवलं, असं त्याच्या चरित्रात सांगितलं जातं. तिथून तो आसामच्या चहामळ्यांत गेला आणि काही वर्षांनी परत डोंगरात आला. परतल्यावर त्याने जोडेघाट आणि भोवतालच्या बारा गावांच्या जमिनीवर गोंडांचा हक्क मागितला. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी त्याला साथीदारांसह गोळ्या घातल्या. आजही कोजागिरीच्या पौर्णिमेला तिथे त्याचा स्मृतिदिन पाळतात. जोडेघाट आपल्या चौदा गावांच्या शेजारी, तेलंगण ज्यात ही गावं धरतो त्याच केरामेरी मंडलात आहे.

या हत्याकांडानंतर निजामाच्या सरकारला कारण शोधावंसं वाटलं. ते शोधायला जो माणूस मिळाला त्याचीही कथा विलक्षण आहे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो भारतात होता आणि त्याच्या खिशात जर्मन पासपोर्ट होता. इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवून हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतच राहायला लावलं. त्याने या सक्तीच्या काळात गोंडांमध्ये मुक्काम ठोकला, आणि त्याच्या अहवालांमुळे चाळीसच्या दशकात हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले, मारलवाईला गोंडी भाषेतून शिकवणारी शाळा निघाली. ज्याला घरी जाण्याची मुभा नव्हती त्याने दुसऱ्यांना घर मिळवून दिलं. या डोंगरात सरकारी मदत म्हणता येईल असं पहिलं काम हेच.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झालं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूरकरांना ती तारीख वेगळ्या कारणाने ठाऊक आहे, त्या दिवशी आपल्या शहराचं राजधानीपण संपलं. त्याच दिवशी, हे डोंगर ज्यात होते त्या आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले. तेलुगू भाग आंध्र प्रदेशात राहिला. किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके मुंबई राज्यात आले आणि नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. राजुऱ्याहून चांदा नदीपलीकडे आणि नांदेड मात्र शेकडो किलोमीटर दूर, हा उफराटा कारभार फार दिवस चालणं शक्य नव्हतं. १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्यात आला. भोसल्यांच्या हातून सुटलेला वर्धेपलीकडचा हा कोपरा दीडशे वर्षांनी पुन्हा नागपूर विभागात दाखल झाला.

राजुरा इकडे आणि आसिफाबाद तिकडे, एवढं कागदावर ठरलं. मधल्या डोंगरात मात्र दाट जंगल होतं, विरळ गुडे होते आणि हद्दीच्या खुणा धूसर होत्या. लोकवस्ती इतकी थोडी की कोणाला घाई नव्हती. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, कोठा, लेंडीजाळा, शंकरलोधी, महाराजगुडा, इंदिरानगर, येसापूर, पळसगुडा, भोलापठार या नावांसाठी कोणी कोर्टात जाईल, असं त्या वेळी कोणाच्या मनातही आलं नसेल.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

मराठवाड्यात १९७० पासूनच पाऊस मागे सरत होता. १९७२ ला त्याने पुरती पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसले, जनावरं कवडीमोलाने विकली गेली, दावणी रिकाम्या झाल्या. अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, यांवर माणसं जगली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं खडी फोडत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच काळात राज्यभर पसरली आणि पुढे तिचा कायदा झाला. सरकारने त्या दुष्काळात जे केलं ते मोठंच होतं, त्याचं श्रेय कोणी नाकारू नये. तरीही नांदेड, परभणी, लातूर, बीड या भागांतून हजारो माणसं निघालीच. ज्यांच्याकडे आधीपासून जमीन नव्हती, त्यांना पाऊस आला तरी परत जायला काही नव्हतं. अशांतली कित्येक कुटुंबं माणिकगडाच्या डोंगरात पोचली. त्यांत बंजारा होते, मांग होते, महार होते, काही हटकर, काही मराठे. तिथे आधीपासून थोडेफार बंजारे तांडे करून होते. त्यांच्या ओळखीने आणि कानोकानी आलेल्या बातमीने माणसं येत राहिली. जंगल आहे, जमीन काळी आहे, पाऊस पडतो, कोणी हाकलत नाही, एवढी बातमी पुरेशी होती.

कोणी हाकललं नाही, कारण जे आधी होते त्यांच्यात हाकलण्याची रीत नव्हती. कोलाम आणि गोंडांच्या लेखी जमीन ही कोणा एकाच्या कपाटातला कागद नव्हती. आलेला माणूस गावच्या पाटलाला भेटतो, देवाला नारळ-कोंबडं देतो आणि वस्तीपासून थोडं अंतर ठेवून झोपडी घालतो, ही त्यांची माहितीतली पद्धत होती. मराठवाड्यातून आलेल्यांनी सोबत आपली सावड आणली. माझ्या शेतात आज तुझे बैल, तुझ्या शेतात उद्या माझी माणसं. पहिल्या वर्षी ज्याच्याकडे बी नाही त्याला बी उसनं मिळतं, पीक आलं की तो मापाने परत करतो. गरिबाचा सारा संसार अशा उसनवारीवर तगतो, आणि या डोंगरात तर ती जातीजमातींच्या आणि भाषांच्या पलीकडे गेली. एकाच शिवारात मराठी, गोरबोली, गोंडी, कोलामी आणि तेलुगू कानावर पडते ती त्यामुळेच.

पण इथे थांबलं तर ते खोटं होईल. या आसऱ्याची किंमत मोजली गोंडांनी आणि कोलामांनी. १९७० साली आंध्र प्रदेशाने कायदा कडक केला होता, अनुसूचित क्षेत्रातली जमीन आदिवासीखेरीज कोणाच्याही नावावर होणार नाही. सहाच वर्षांनी दुसरा एक कायदा दिल्लीत झाला. १९७६ च्या दुरुस्तीने तेलंगण भागातले लंबाडाही, म्हणजे आपले बंजारा, अनुसूचित जमातींच्या यादीत आले. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत मोडतो. नदीनाल्याच्या या काठावर विमुक्त आणि त्या काठावर आदिवासी. परिणाम व्हायचा तो झाला. महाराष्ट्रातून बंजारा कुटुंबांचा ओघ आदिलाबादकडे वाढला आणि कायद्याने गोंडांसाठी राखलेली जमीन कायद्यानेच दुसऱ्यांना खुली झाली. हायमनडॉर्फ सत्तरच्या दशकात परत येऊन फिरला तेव्हा चाळीसच्या दशकात पट्टे मिळालेली कुटुंबं भूमिहीन होताना त्याने पाहिली आणि तसं लिहून ठेवलं. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीला जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा तेरा सांगितला, लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. २०१७ च्या अखेरीस लंबाडांना यादीतून काढा या मागणीवरून साऱ्या आदिलाबाद भागात पुन्हा आग भडकली.

यात खलनायक शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. मराठवाड्यातून आलेला बंजारा उपाशी होता. कोलामही उपाशी होता. दोन उपाशी माणसांच्या मध्ये राज्याची रेषा होती आणि त्या रेषेने एकाला कागद दिला, दुसऱ्याच्या हातचा काढून घेतला. माझा राग आहे तो या रेषेच्या दोन्ही बाजूंना बसून एकमेकांशी पत्रव्यवहारही नीट न करणाऱ्या कचेऱ्यांवर.

वस्ती वाढली तशी मतं वाढली, आणि मतं वाढली तसा दोन्ही राज्यांना या गावांचा लळा लागला. ऐंशीच्या दशकापासून आंध्र प्रदेशाने या गावांवर उघड हक्क सांगायला सुरुवात केली. पंचायतीच्या निवडणुका लावल्या, शाळा काढल्या. महाराष्ट्राने आपल्या. तिकडे परमडोली आणि अंतापूर या ग्रामपंचायती झाल्या, इकडे हीच गावं पुडियाल मोहदा आणि कुंभेझरी या ग्रामपंचायतींत धरली गेली. प्रकरण हैदराबादच्या उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १९९७ मध्ये आंध्र प्रदेशाने आपला अर्ज मागे घेतला, आणि महाराष्ट्राच्या लेखी प्रश्न संपला. जमिनीवर काहीही संपलं नाही. आंध्रच्या शाळा चालूच राहिल्या, रेशन चालूच राहिलं, निवडणुका चालूच राहिल्या. २०१४ मध्ये आंध्रातून तेलंगण वेगळा झाला, २०१६ मध्ये कुमरम भीमच्या नावाने आसिफाबाद जिल्हा निघाला, आणि या गावांकडे लक्ष द्यायला एक जवळचं जिल्हा मुख्यालय तिकडे उभं राहिलं. इकडून जिल्ह्याच्या कामाला चंद्रपूर गाठायचं आणि नागपूर तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

तेलंगणाच्या मदतीबद्दल मोकळ्या मनाने बोलायला हवं. संयुक्त आंध्रात म्हाताऱ्या माणसाला महिन्याला दोनशे रुपये मिळत. तेलंगण झाल्यावर त्याचे हजार झाले आणि २०१९ मध्ये दोन हजार सोळा. त्या वेळी महाराष्ट्रात निराधाराला हजार रुपयेही नुकतेच मिळू लागले होते, त्याआधी सहाशेच होते. मुलीच्या लग्नाला तिकडे कल्याणलक्ष्मीतून एक लाख एकशे सोळा रुपये मिळतात. जिवतीच्या डोंगरात कापूस आणि सोयाबीनवर जगणाऱ्या घरात एवढी रोकड एकरकमी दुसऱ्या कुठल्या मार्गाने येणार? सावकाराच्या दारातून. तेलंगणाच्या या पैशाने किती घरं सावकाराच्या तावडीतून वाचली असतील, याची नोंद कुठल्याच राज्याच्या अहवालात सापडणार नाही. बसचंच पाहा. महाराष्ट्राने मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं केलं. तेलंगणाने त्याच वर्षी डिसेंबरात तिकीटच माफ केलं. परमडोलीच्या बाईला आसिफाबादचा दवाखाना फुकट आणि गडचांदूरचा अर्ध्या तिकिटात. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने लाडक्या बहिणीला महिन्याला पंधराशे रुपये द्यायला सुरुवात केली आणि पारडं पुन्हा थोडं इकडे झुकलं. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर, बिलोली, धर्माबादच्या सीमेवरची गावं आम्हाला तेलंगणात जाऊ द्या म्हणू लागली होती ती या फरकामुळेच. त्यांना भाषेचा कंटाळा आला नव्हता.

मात्र दोन सरकारांच्या दोन अपुऱ्या मदतींची बेरीज करून एक पुरी मदत होत नाही. रयतूबंधूचं उदाहरण घ्या. २०१८ पासून तेलंगणाने शेतकऱ्याला दर हंगामाला एकरी चार हजार आणि पुढे पाच हजार रुपये थेट दिले. देशभर त्याचं कौतुक झालं. पण ते पैसे पट्ट्यावर मिळत. ज्याच्या नावावर पट्टा नाही तो शेत कसत असला तरी शेतकरी नाही. आणि या चौदा गावांतल्या बहुतेकांच्या नावावर ना तेलंगणाचा पट्टा आहे, ना महाराष्ट्राचा सातबारा. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, कर्जमाफी झाली तर तीही नाही, विहिरीचं अनुदान नाही. तांदूळ दोन दुकानांतून मिळेल, पण बी-बियाण्याला पैसे हवे असतील तर कोणतीही बँक दारात उभं करणार नाही. उन्हाळ्यात पाणी नाही, ते वेगळंच. माणिकगडाच्या पठारावर पाऊस भरपूर पडतो आणि तसाच वाहून जातो. जमीन आपली नाही म्हटल्यावर तिच्यावर बांध कोण घालणार, शेततळं कोण खोदणार?

यातही एका घराला दोन्हीकडचं मिळतं आणि शेजारच्या घराला एकीकडचंच. एकाचं नाव तिकडच्या यादीत चढलं, दुसऱ्याच्या कागदात जन्मगाव नांदेड जिल्ह्यातलं निघालं. कोणाकडे जातीचा दाखला तिकडचा, कोणाकडे कुठलाच नाही. अशा वेळी जुनी उसनवारीच कामाला येते. मुकदमगुड्यात मराठी शाळा आहे तशी तेलुगूही आहे, आणि घरातलं एक लेकरू या शाळेत, दुसरं त्या शाळेत घालणारी कुटुंबं आहेत. मोठेपणी नोकरीचा दाखला कोणत्या राज्यात लागेल ते आज सांगता येत नाही, म्हणून आईबापांनी दोन्ही दारं उघडी ठेवली. याला कोणी लबाडी म्हटलं तर मी त्याला एवढंच विचारीन, तुमच्या मुलांसाठी तुम्ही काय केलं असतं?

मतदानाबद्दलही फार बोललं गेलं. २०१४ च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान १० एप्रिलला आणि आदिलाबादचं ३० एप्रिलला होतं, तेव्हा शाई वाळायला वेळ मिळाला. २०१९ मध्ये दोन्ही मतदान एकाच दिवशी, ११ एप्रिलला आलं आणि कोणत्या राज्याचं मत द्यायचं हे प्रत्येकाला ठरवावं लागलं. २०२४ ला पुन्हा १९ एप्रिल आणि १३ मे अशा वेगळ्या तारखा आल्या, तेव्हा एकदाच मत द्या म्हणून प्रशासनाने बजावलं. कायद्याने ते बरोबरच आहे. पण या लोकांना ठाऊक आहे की ज्या राज्याच्या यादीतून नाव गेलं त्या राज्याचं रेशनही जाईल. त्यांनी दोन मतं लोभाने दिली नाहीत. एका मताने आपण कोणाचेच राहणार नाही, ही भीती त्यांना पन्नास वर्षांच्या अनुभवाने शिकवली.

बंगालच्या सीमेवर कूचबिहारचे छीटमहाल होते, तिथली माणसं दोन देशांच्या मध्ये अडकली होती. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात आणि त्यांचे ५१ आपल्याकडे. तिथे कोणतंच सरकार पोचत नव्हतं, शाळा नव्हती, पोलीस नव्हते, दवाखान्यात खोटं नाव सांगून जावं लागे. २०१५ च्या ३१ जुलैच्या मध्यरात्री दोन्ही देशांनी ते तुकडे बदलून घेतले आणि प्रत्येक माणसाला विचारलं, तुला कोणत्या देशाचं व्हायचं आहे? दोन देशांना जे जमलं ते एकाच देशाच्या दोन राज्यांना जमलेलं नाही. जिवतीच्या माणसांना हा प्रश्न कोणी समोर बसून विचारलेला नाही.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राचे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी मुंबईत जाहीर केलं की ही चौदा गावं चंद्रपूर जिल्ह्यात अधिकृतपणे घेण्याची कारवाई सुरू केली जाईल. घोषणेचं स्वागतच आहे. पण तिच्यानंतर लगेच जे हिशेब मांडायला हवेत ते अवघड आहेत. तेलंगणाची यादी बंद झाली तर म्हाताऱ्यांचे महिन्याचे दोन हजार सोळा रुपये थांबतील. महाराष्ट्राचे आता पंधराशे आहेत. फरक पाचशे सोळा रुपयांचा, आणि ज्यांना आजवर दोन्हीकडचं मिळत होतं त्यांचा तोटा त्याहून मोठा. तेलुगू शाळेत सहावी-सातवीपर्यंत शिकलेल्या मुलांना मराठी शाळेत कसं सामावून घ्यायचं? तिकडच्या दाखल्यावर आदिवासी असलेलं बंजारा कुटुंब इकडे विमुक्त होईल आणि त्याचा थेट परिणाम त्याच्या जमिनीवर होईल.

तो परिणाम असा. वनहक्क कायदा २००६ चा. त्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वी वनजमीन कसत असल्याचं दाखवलं की त्याचा दावा उभा राहतो. इतरांना मात्र त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, तिथे राहून त्या जंगलावरच जगत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे १९३० पासूनचा. गोंड आणि कोलामांचे दावे या कायद्यात बसतात आणि ते सर्वांत आधी, एकही न गाळता, निकाली निघायला हवेत, कारण या डोंगरात सगळ्यांना आसरा देऊन स्वतः मागे राहिलेले तेच आहेत. बंजारा तेलंगणात पहिल्या अटीत बसतो, महाराष्ट्रात दुसरीत. मांग आणि महार कुटुंबं दोन्हीकडे दुसऱ्याच अटीत. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाडा सोडून आलेल्या माणसाला १९३० चा पुरावा या जन्मात आणता येणार नाही आणि त्याच्या नातवालाही येणार नाही. त्यांच्यासाठी राज्य सरकारला ती जमीन वनखात्याकडून मोकळी करून घ्यावी लागेल, आणि त्याची परवानगी दिल्लीतून आणावी लागते. गावं कोणत्या जिल्ह्यात लिहायची हे मुंबईत ठरू शकतं. हा प्रस्ताव दिल्लीला गेल्याशिवाय परमडोलीतल्या माणसाचा सातबारा निघणार नाही.